डुप्लिकेट सेंट

आमच्या घरात वासाविषयी कोणी कधी बोलत नसे. गाव चंद्रपूरकडच्या मूल शहराच्या पुढं, जुन्या तलावाच्या पाळीला लागून, आणि आम्ही ढिवर. बाबा आणि मोठा भाऊ सुदाम उजाडायच्या आधी डोंगा घेऊन तलावात उतरायचे. त्यांनी आणलेल्या मासोळ्या टोपलीत भरून माय पहिल्या एसटीनं मूलच्या बाजारात जायची. अंगणात बांबूवर जाळी वाळत, छपरावर झिंगे वाळत, आणि खाली मांजरं डोळे मिटून बसलेली असत. चुलीवर जवस वाटून टाकलेला मासोळीचा रस्सा रटरटत असे, त्यात चिंच आणि वरून चिमूटभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाजूला उकड्या तांदळाच्या भाताची वाफ. मूलकडून वारा आला की राइस मिलमधल्या शिजत्या धानाचा वास यायचा, मोहफुलांच्या दिवसांत जंगलाकडून गोड, आंबूस वास यायचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी आमचा मासोळीचा वास असायचाच. आपल्या घराच्या भिंतीचा रंग जसा रोज पाहून दिसेनासा होतो तसा तो आम्हाला येत नव्हता. तो दुसऱ्यांना येतो हे मात्र आम्हाला चांगलं ठाऊक होतं. एसटीत मायच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. माय त्या रिकाम्या जागेवर खुशाल टोपली ठेवायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

मी दहावीत असताना मत्स्य खात्याचे एक साहेब तलावात सोडलेलं माशांचं बीज बघायला आले होते. ऊन फार होतं म्हणून आमच्याच ओसरीवर बाजेवर टेकले, उशीला पाठ लावून पाणी प्यायले आणि जीपमध्ये बसून निघून गेले. संध्याकाळी मी त्याच बाजेवर आडवा झालो तर उशीला त्यांचा वास. निंबू कापल्यासारखा, पण निंबू नव्हे. त्याच्या मागं कापलेल्या सागाच्या फळीसारखं काहीतरी कोरडं. मी उशीत तोंड खुपसून पडून राहिलो.

"काय करून राह्यला रे मधू?" मायनं विचारलं.

"काई नाई."

तिनं उशी उचलली, हुंगली, आणि दुसऱ्या दिवशी खोळ धुऊन टाकली. माझ्या डोक्यातून मात्र एक गोष्ट धुतली गेली नाही. हा वास साहेबांना जन्मतः मिळालेला नव्हता. त्यांनी तो कुठून तरी विकत आणला होता. म्हणजे आपल्या अंगाला कोणता वास यावा हे माणूस ठरवू शकतो. आज ही गोष्ट कोणालाही सांगितली तर हसतील. तेव्हा ती मला फार मोठी वाटली होती, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटते.

बारावीनंतर चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला नंबर लागला. रोज गावाहून ये-जा करणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून जटपुरा गेटच्या अलीकडं एका घराच्या मागच्या खोलीत राहायची सोय झाली. खोलीत आम्ही तिघं. एक नितीन, भद्रावतीकडचा, अबोल, सतत अभ्यास करणारा. दुसरा विक्रांत, एका ठेकेदाराचा मुलगा, हसरा, दिलदार, आणि घरमालकाच्या खास मर्जीतला, कारण घरमालक काकांची त्याच्या वडिलांशी जुनी ओळख होती. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, एक खाट, भिंतीवर एक खिळा. पहिल्याच आठवड्यात विक्रांतनं खोलीत पाऊल टाकताच खिडकी उघडली. "मासोळी कोणी आणली बे?" माझ्या पेटीत मायनं दिलेले सुके झिंगे होते. मी सांगितलं, दाखवले, आणि रात्री भाजून भातावरही दिले. विक्रांतनं ते दोनदा मागून खाल्ले. पण तेव्हापासून माझं नाव मासोळी पडलं.

लोकांना वाटतं की या चिडवण्यामुळं मी सेंटच्या नादी लागलो. माझी बायकोसुद्धा असंच समजून चालते. ते खरं नाही. मला सेंट हवा होता तो मला आवडत होता म्हणून. साहेबांच्या उशीपासूनच हवा होता. लाज वाटून एखादी गोष्ट झाकायला तो लागतो असं मानणाऱ्यांना सेंट कळलेलाच नाही. मासोळीचा वास घालवायला निंबू आणि राख पुरतात.

बाजारात मंगलाताई नावाच्या बाईंचं फॅन्सी स्टोअर होतं. बांगड्या, रिबिनी, टिकल्या, पावडरचे डबे, आणि सगळ्यात वरच्या फळीवर पुरुषांचे सेंट. ओरिजिनल एकही नाही. डबे मात्र अगदी परदेशी. नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडं केलेलं. मंगलाताईंना त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळतंय असं त्या दाखवतही नव्हत्या. "निळा देऊ का काळा?" एवढंच विचारायच्या. मी पहिल्यांदा काळा घेतला, कारण त्यावर घोडा होता. सुटीच्या दिवशी एका वायरमनच्या हाताखाली घरांच्या फिटिंगला जायचो, त्या कमाईतली ही पहिली स्वतःची खरेदी. खोलीवर न थांबता गल्लीतच मानेला, मनगटाला, शर्टाला, सगळीकडं फवारला आणि गावाकडच्या एसटीत चढलो. बल्लारपूरला जाणारा एक म्हातारा चुकून आमच्या गाडीत बसला होता, त्याला उतरवताना कंडक्टर म्हणाला, "तू बी उतरते का रे? साऱ्या गाडीले चक्कर येऊन राह्यली." लोकांनी खिडक्या उघडल्या. त्या दिवशी माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली आणि मला मायची टोपली आठवून हसू आलं.

शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून चुकत चुकत शिकलो. बाटलीतून बाहेर येतो तो पहिला भपका नुसत्या स्पिरिटचा असतो, त्यावर मत बनवायचं नाही. थोडा वेळ जाऊ द्यायचा. निंबू, संत्र्यासारखे हलके वास वर्कशॉपला पोचेपर्यंत उडून जातात. लाकडासारखे, धुरासारखे जे असतात ते जेवणाच्या सुटीपर्यंत टिकतात. उन्हाळ्यात चंद्रपूरच्या भट्टीत गोड सेंट लावला तर आपल्यालाच मळमळतं. चोळायचा नाही. कपड्यावर मारला तर डाग पडतो, पण दुसऱ्या दिवशीही येतो. एकाच वेळी तीन वास हुंगले की नाक बसतं. मग आपल्याच शर्टाची बाही हुंगायची, नाक परत जागेवर येतं. आता सुदामचा मुलगा रोशन मोबाइलवर या सगळ्याचे व्हिडिओ बघतो आणि मला येऊन सांगतो, "काका, याले क्लोन म्हणतात." मी ऐकून घेतो. आमच्या वेळी त्याला डुप्लिकेट म्हणत आणि घेणाऱ्यालाही जवळपास तेच म्हणत.

गावी गेलो की सुदाम भडकायचा. "नवरदेव झाला का बे? नाई त मंग बाईमाणसावानी हे काय लावून राह्यला?" बाबा फक्त माझ्यापासून जरा लांब बसून जेवायचे, आणि ते मला जास्त लागायचं. एकदा सुदाम म्हणाला, "अशानं मासोळ्या पळून जातीन तलावातून." मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम मानेला सेंट लावून डोंग्यात बसलो. जाळ्यात नेहमीसारखीच रोहू लागली, एक मोठी मरळही लागली. सुदामनं ती मरळ माझ्या अंगावर फेकली आणि आम्ही दोघंही डोंगा उलटेपर्यंत हसलो. पण संध्याकाळी तो पुन्हा म्हणालाच, "मोठ्या लोकाइचे शौक हायेत हे. आपल्याले शोभत नाई." मी त्याला विचारलं, "चांगला वास आपल्याले शोभत नाई हे कोणी ठरवलं दादा?" तो उठून जाळं विणायला बसला. माय चुलीजवळून म्हणाली, "भांडू नका रे. भात घ्या."

आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी विक्रांतच्या मामानं दुबईहून त्याच्यासाठी एक सेंट आणला. ओरिजिनल. जड काचेची, निळसर बाटली, झाकण बंद होताना कट्‌ असा आवाज करणारं. विक्रांतनं माझ्या मनगटावर एक थेंब टाकला. मोठ्या मनानं टाकला, हे मी आजही कबूल करतो. मी दिवसभर मनगट हुंगत होतो. साहेबांच्या उशीच्या इतक्या जवळचं तोवर मला काहीच सापडलं नव्हतं. शनिवारी मी मंगलाताईंच्या दुकानात जाऊन वरच्या फळीवरचे सगळे निळे डबे खाली काढायला लावले. त्या वैतागल्या. "घेशील एक आणि हुंगशील दहा!" शेवटी एक सापडला. निंबू जरा झोंबरा होता, शेवटी साबणासारखं काहीतरी यायचं, पण मधला सगळा भाग हुबेहूब. मी तो घेतला, लावला आणि खोलीवर गेलो.

विक्रांतनं नाक वर केलं. "माहावाला मारला का बे?"

"नाई. विकत घेतला. डुप्लिकेट आहे."

"डुप्लिकेट असा येते?" तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. बाटली दाखवली असती तर विषय तिथंच मिटला असता. मला दाखवावीशी वाटली नाही. तो माझी बाटली बघणार, मग नावातलं चुकलेलं अक्षर वाचणार, मग ते अक्षर महिनाभर खोलीत फिरणार, हे मला माहीत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी, एका रविवारी सकाळी, विक्रांतची बाटली नाहीशी झाली. त्यानं पेटी उलटी केली, गादी झटकली, नितीनच्या खाटेखाली पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी नुकताच आंघोळ करून सेंट लावला होता. खोली त्याच वासानं भरलेली होती.

"मधू, दे बे. मजाक पुरे झाली."

"माह्याकडं नाई."

"मंग हा वास कुठून येऊन राह्यला?"

"सांगितलं ना त्या दिवशी. मंगलाताईच्या दुकानातला आहे. चाल, आत्ता विचारू."

तो दुकानात आला नाही. काकांना घेऊन आला. काका बनियनवरच, हातात पेपर, दारात उभे राहिले. त्यांनीही हवेत नाक वर केलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर निकाल लागलेला मला दिसला. ते वाईट माणूस नव्हते. आजारी पडलो तेव्हा त्यांच्या घरून पेज आली होती. म्हणूनच पुढचं वाक्य मला जास्त बोचलं.

"बेटा, असा महागाचा वास तुझ्या अंगाला कसा येईल? तूच सांग. पेटी उघड, म्हणजे विषय संपला."

पेटीत माझी बाटली होती. स्वस्त, हलक्या काचेची, नावात एक अक्षर चुकलेली. पेटी उघडली असती तर मी निर्दोष ठरलो असतो. हात कडीवर गेलाही होता. पण गेल्या महिन्यात नितीनचं घड्याळ हरवलं होतं, ते मला आठवलं. तेव्हा काकांनी दोन दिवस सगळीकडं शोधलं, हळहळले, आणि विषय सोडून दिला. कोणाचीही पेटी उघडायची गोष्ट निघाली नव्हती.

"नितीनचं घड्याळ गेलं तवा कोणाची पेटी उघडली काका?"

"ती गोष्ट वेगळी होती."

"वेगळी कशी?"

काकांनी पेपरची घडी घातली. "हे पहा, वाद नको. उघड म्हणतो आहे तर उघड."

"नाई उघडणार."

हे शब्द माझ्या तोंडून इतके शांतपणे निघाले की मीच चकित झालो. नितीन माझ्या कानाशी आला, "अबे उघड ना, तुह्यात काही नाई हे मले माहीत आहे." मी म्हटलं, "तुले माहीत आहे ना? मंग सांग त्याइले." तो आपल्या खाटेवर जाऊन बसला. पुढच्या महिन्यात परीक्षा होती, खोली गेली तर कुठं जायचं हा प्रश्न त्याच्याही डोळ्यांपुढं होता. मी त्याला दोष दिला नाही. काका म्हणाले, "तुझी आई आज येणार आहे म्हणतोस ना? येऊ दे. तिच्यासमोरच उघडू. तेव्हा तरी लाज वाटेल."

माय जाळ्याचं सूत घ्यायला त्या दिवशी चंद्रपूरला येणार होती, ते खरं होतं. मी पेटीवर बसून राहिलो. आत्तापर्यंत धीट होतो, पण ती दारात येईल आणि हे तिच्यासमोर मला चोर म्हणतील हे मला सोसवत नव्हतं. सेंटच लावला नसता तर, असं एकदा मनात आलं. आलं, आणि त्याचा इतका राग आला की मी उठून पुन्हा मानेला बोटं लावली. बाटली पेटीत होती, त्यामुळं लावायला काही नव्हतं. जे होतं तेच चोळलं.

माय दुपारी आली. डोक्यावर तांदळाची पिशवी, हातात सुताची गुंडाळी, पदर घामानं भिजलेला. अंगणातच काकांनी तिला गाठलं. आवाज न चढवता, "बाई, बाई" करत सगळं सांगितलं. विक्रांत मागं उभा होता, नितीन खोलीत. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग पिशवी खाली ठेवून माझ्याकडं वळली.

"तू घेतला का?"

"नाई."

"मंग झालं." ती काकांना म्हणाली, "नाई म्हणते तो."

"ते ठीक आहे बाई, पण पेटी दाखवायला काय हरकत आहे?"

"काई हरकत नाई. तिघाइच्या पेट्या उघडा. पयले ज्याची चीज गेली त्याची, मंग त्या दुसऱ्या पोराची, मंग याची. मी उभी राह्यतो इथी."

"बाकीच्यांच्या कशाला? त्यांच्यावर संशय नाही."

"माह्याच पोरावर काऊन आहे?"

विक्रांत मागून बोलला, आणि मला वाटतं बोलल्यावर त्याला स्वतःलाही ते ऐकू आलं. "मावशी, मासोळीवाल्याच्या घरी असा सेंट कुठून येईल?"

माय त्याच्याकडं वळली. मला वाटलं आता ती काहीतरी जबर बोलणार. ती बोलली ते अगदी साधं होतं. "माह्या घरी काय येते अन् काय नाई येत, तुले काय माहीत बाप्पा? तू कधी आला का माह्या घरी?" आणि ती खोलीत गेली. माझ्या खाटेवरची चादर ओढली, खिळ्यावरचे कपडे तिच्यात बांधले, पदराची चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "उचलू लाग." आम्ही दोघांनी पेटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. मी म्हटलं मी घेतो. "तू तांदूळ घे," ती म्हणाली.

दारात काका आडवे आले नाहीत, पण म्हणाले, "बाई, अशी पेटी घेऊन गेलात तर लोक म्हणतील चोरून नेलं."

"म्हणू द्या," माय म्हणाली. "तुमी त आधीच म्हटलं."

बाजारच्या टोपलीची सवय असलेली तिची चाल. एक हात पेटीला, दुसरा मोकळा. जटपुरा गेटच्या गर्दीतून ती पुढं आणि मी तांदळाची पिशवी घेऊन मागं. भर दुपारची वेळ, दुकानदार बघत होते. माझे कान तापले होते, पण मान खाली गेली नव्हती. आयुष्यात नंतर बरेच प्रसंग आले, बदली झाली, धंदा बुडता बुडता राहिला, पण त्या दिवशीइतका ताठ मी कधी चाललो असेन असं वाटत नाही.

बस स्टँडवर पेटी उतरवली आणि माय तिच्यावरच बसली. पाणी प्यायली. घाम पुसला. मग उठून म्हणाली, "उघड."

"इथी?"

"मंग कुठी? पाहू दे बरं, कोणता आहे तो."

मी पेटी उघडून बाटली तिच्या हातात दिली. आजूबाजूला माणसं, शेंगावाला, एसटीच्या घोषणा. तिला फवारा कसा मारायचा ते कळेना, मी तिच्या मनगटावर मारला. ती लगेच हुंगायला गेली. "थांब," मी म्हटलं, "सुकू दे." ती थांबली. हात समोर धरून शिस्तीत बसून राहिली. मग हुंगलं. पुन्हा हुंगलं. तिचं नाक आक्रसलं.

"निंबाच्या सालपटावानी येते. अन् मांगून गोठ्यात धूर केल्यावानी." ती माझ्याकडं पाहायला लागली. "याच्यासाठी एवढा तमाशा?"

"याच्यासाठीच."

"मले नाई आवडला," तिनं स्पष्ट सांगितलं. आम्ही दोघंही हसायला लागलो, ती तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "तुले आवडते?"

"मले आवडते."

"मंग लाव. कोणाले विचारून लावाचा नाई. अन् कोणी म्हटलं म्हणून सोडाचा बी नाई." बाटली तिनं स्वतः पेटीत ठेवली, कपड्यांच्या घडीत नीट दाबून. आणि तो हात तिनं गावी पोचेपर्यंत धुतला नाही; एसटीत मधूनच नाकाशी नेताना मी दोनदा पाहिलं.

घरी सुदामनं सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा माझ्या बाजूनं संतापला. "चाल, आत्ता जातो अन् त्या पोट्ट्याले पाह्यतो." बाबांनी त्याला खाली बसवलं. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "उद्या जाशील का शाळेत?" आयटीआयला ते शाळाच म्हणत. मी म्हटलं, जाईन. त्यांनी मान हलवली, आणि जेवताना ते माझ्या शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघालो. निघण्याआधी सेंट लावला, नेहमीपेक्षा बराच जास्त. वर्कशॉपमध्ये माझ्याआधीच बातमी पोचली होती. जळलेल्या तारेचा, सोल्डरचा, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा तो ओळखीचा वास, आणि त्यात मी शिरलो तसे सगळ्यांचे आवाज थांबले. माझ्या टेबलावर नितीन होता, त्यानं जागा दिली. विक्रांत दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. कोणीतरी हळूच म्हणालं, "लावून बी आला बे." मी पकड हातात घेतली आणि तारेचं वेष्टण सोलायला लागलो.

सर आत आले आणि दारातच थांबले. "काय रे, आज वर्कशॉपमध्ये वरात आहे का? एवढा वास कोणाचा?"

दोन-तीन माना माझ्याकडं वळल्या, आणि विक्रांतची मान मुद्दाम वळली नाही. मी उभा राहिलो.

"माह्यावाला आहे सर."

"एवढा?"

"डुप्लिकेट आहे सर. बाजारातला. जास्त मारावा लागते."

एकदम हशा पिकला. ज्याची मी वाट पाहत होतो तो कुत्सित हशा हा नव्हता. पोरं खरोखर हसली होती, नितीन सगळ्यांत मोठ्यानं. सरही हसू दाबत म्हणाले, "स्पिरिट असतं त्यात. पूर्ण सुकल्याशिवाय सोल्डरिंगला हात लावायचा नाही. पेट घेशील." आणि ते फळ्याकडं वळले. बस, एवढंच. चोर असल्याचा शिक्का त्या दिवशी पुसला गेला असं मी म्हणणार नाही. काही पोरं परीक्षेपर्यंत माझ्याशी बोलली नाहीत. पण सेंट लावला म्हणून पुन्हा कोणी मला हटकलं नाही, आणि मी रोज लावत राहिलो. परीक्षेपर्यंत गावाहून ये-जा केली, एसटीत उभ्यानं अभ्यास केला, आणि पास झालो. पुढं काही वर्षं नोकरी केली, मग मूलला मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं. आजही वार्निशच्या डब्यांशेजारी माझी एक बाटली असते. मुलीनं पहिल्या पगारातून ओरिजिनल आणून दिला आहे. चांगला आहे, लग्नाकार्याला लावतो. रोजचा मात्र अजून डुप्लिकेटच.

विक्रांतच्या बाटलीचं काय झालं ते परीक्षेच्या थोडं आधी कळलं. त्याचे दाजी आदल्या दिवशी, शनिवारी, खोलीवर येऊन गेले होते आणि एका लग्नाला जाताना न सांगता घेऊन गेले होते. लग्नात त्यांच्या अंगाला तो वास आला तेव्हा घरात उलगडा झाला. विक्रांतनं मला हे सांगितलं नाही, नितीननं सांगितलं. विक्रांत फक्त एकदा सायकल स्टँडवर माझ्यासमोर थांबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग सायकलचं कुलूप काढून निघून गेला.

काका मात्र आले. आयटीआयच्या फाटकाशी उन्हात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मायची तब्येत विचारली. मग म्हणाले, "गैरसमज झाला बेटा. खोली रिकामीच आहे. ये परत. परीक्षा होईपर्यंत तरी ये."

"त्या दिवशी तीन पेट्या उघडल्या असत्या तर आजही तुमच्याच घरी असतो काका."

त्यांनी मान खाली घातली. ते खरंच ओशाळले होते, त्यामुळं मला जरा वाईट वाटलं आणि मी जायला वळलो. तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली. त्यांच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं, दुसरं काही नाही.

"पण मधू, एक सांग. तो खरंच डुप्लिकेट होता?"

मी थांबलो. पेटीत काय आहे हे मायनं बस स्टँडवर सगळ्या माणसांदेखत पाहिलं होतं. यांना पाहायचं होतं तेव्हा यांनी तिन्ही पेट्या उघडायचं नाकारलं होतं.

"तुमच्यासाठी ती पेटी बंदच आहे काका," मी म्हटलं, आणि तासाची घंटा झाली होती म्हणून आत गेलो.